संगणकाचा पंखा : उष्णतेच्या बंदोबस्ताचा इतिहास

वैशाखांतील दुपारीं घरांतील सारे आवाज निजले असतांहि एक आवाज जागा असतो. मेजाखालीं ठेवलेल्या संगणकाच्या पेटींतून पंख्याची घरघर ऐकूं येते. मुलानें एखादा खेळ सुरू केला कीं ती चढत जाते, आणि खेळ थांबला कीं पुन्हां उतरते. घरांतील वडील मंडळींस वाटतें कीं यंत्र बिघडलें. कोणी म्हणतो, पंखा सदैव पूर्ण वेगानें फिरत ठेवावा, म्हणजे यंत्र सुखरूप राहील. तर कोणी रात्रीची शांतता मोडते म्हणून त्याचा वेग अगदींच कमी करून टाकतो. ह्या तिन्ही समजुती अपुऱ्या आहेत. त्या चढत्या-उतरत्या सुरामागें पाऊणशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला म्हणजे पंख्याचा वेग किती असावा ह्या साध्या प्रश्नाचेंहि उत्तर सांपडतें.

प्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. विहिरीवरील पंपाला दिलेल्या विजेचा कांहीं भाग वर चढलेल्या पाण्याच्या रूपानें शिल्लक राहतो. गणनयंत्राची गोष्ट तशी नाहीं. त्याला दिलेली वीज बेरजा-वजाबाक्या उरकून जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. शंभर वॅट वीज घेणारा प्रोसेसर हा, उष्णतेपुरतें पाहिलें तर, शंभर वॅटांची शेगडीच होय. म्हणून उष्णतेला वाट करून दिल्यावांचून गणनाची गति वाढविणें आजवर कोणालाहि साधलेलें नाहीं.

इ. स. १९४६ च्या फेब्रुवारी महिन्यांत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं ‘एनिॲक’ नांवाचें यंत्र जगापुढें आलें. पेनसिल्व्हानिया विद्यापीठांतील जॉन मॉकली व प्रेस्पर एकर्ट हे त्याचे जनक. रेडिओंत असतात तशा निर्वात नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, त्यांत सुमारें १८,००० होत्या आणि तें यंत्र सुमारें १५० किलोवॅट वीज घेई. प्रत्येक नळींतील तार तापून लाल झाल्यावांचून नळी कामच करीत नसे. तेव्हां उष्णता हा त्या यंत्राचा प्राणहि होता आणि शत्रूहि होता. यंत्राच्या कपाटांतून मोठ्या विद्युत्-पंख्यांनीं अखंड वारा खेळवावा लागे. कपाट फाजील तापलेंच तर तापमापक कळ दाबली जाऊन वीज आपोआप बंद होई. येथें पंख्याला एकच वेग ठाऊक होता, आणि रक्षकाला एकच उपाय ठाऊक होता : यंत्र बंद करणें. शिवाय असेंहि आढळून आलें कीं नळ्या बहुधा यंत्र चालू करतांना अथवा बंद केल्यावर निवतांना फुटतात. म्हणून तें यंत्र शक्यतों रात्रंदिवस चालूच ठेवीत. नुसती उष्णताच नव्हे, तर उष्णतेचे वारंवार होणारे चढउतारहि यंत्रास घातक असतात, हा धडा तेथें मिळाला.

आपल्या देशांतहि ह्या नळ्यांचें युग येऊन गेलें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं घडविलेलें यंत्र इ. स. १९६० मध्यें पूर्णपणें कामास लागलें, आणि १९६२ सालीं पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. त्यांत सुमारें २,७०० नळ्या होत्या. परंतु तोंवर जगांत नळ्यांची सद्दी संपत आली होती. १९४७ सालीं बेल प्रयोगशाळेंत जन्मलेल्या ट्रान्झिस्टरला तापलेल्या तारेची गरजच नव्हती. १९६४ सालीं त्याच मुंबईच्या संस्थेंत ‘सी. डी. सी. ३६००’ हें ट्रान्झिस्टरांवर चालणारें यंत्र येऊन दाखल झालें. आतां उष्णतेचा प्रश्न कायमचा सुटला, असें त्या काळीं कोणास वाटलें असतें तर त्यांत नवल नव्हतें.

पण तो प्रश्न सुटला नव्हता, आकुंचित झाला होता. एक ट्रान्झिस्टर थोडी उष्णता देतो हें खरें; परंतु तो इतका लहान असतो कीं मनुष्य एकाच्या जागीं हजार बसवितो. सिलिकनच्या एका तुकड्यावर मावणाऱ्या घटकांची संख्या वर्षानुवर्षें दुप्पट होत जाईल, असें गॉर्डन मूर यांनीं १९६५ सालीं लिहिलें, तेव्हां त्याच लेखांत ह्या सर्वांची उष्णता काढतां येईल काय, हा प्रश्नहि त्यांनीं घेतला होता. १९७४ सालीं आय. बी. एम. मधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनीं त्याचें गणित मांडलें : ट्रान्झिस्टर जसजसा लहान करावा तसतसा त्याचा विद्युद्दाबहि त्याच प्रमाणांत कमी करावा, म्हणजे तेवढ्याच क्षेत्रफळांतून निघणारी उष्णता वाढत नाहीं. हा नियम जोंवर पाळतां आला तोंवर प्रगति स्वस्तांत झाली.

मोठ्या यंत्रांच्या कर्त्यांना मात्र धीर नव्हता. सेमूर क्रे यांचें ‘क्रे-१’ हें महासंगणक १९७६ सालीं अमेरिकेंतील लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेंत बसविण्यांत आलें. तें सुमारें ११५ किलोवॅट वीज घेई, आणि घरच्या शीतकपाटांत त्या काळीं खेळत असे त्या जातीचा फ्रिऑन त्याच्या खांबांतून फिरविला जाई. १९८० सालीं आय. बी. एम. नें आपल्या ‘३०८१’ ह्या यंत्राचे भाग थंड ठेवण्यास पाण्याचा उपयोग केला. १९८५ सालच्या ‘क्रे-२’ मध्यें तर विजेचे घटक एका निर्वाहक द्रवांत बुडवूनच ठेवलेले असत. राजवाड्यांना शोभतील असे हे उपाय. सामान्य घरांत ते कोठून येणार?

घरांत येणाऱ्या लहान संगणकाला प्रारंभीं पंख्याची गरज फारशी नव्हती, आणि कित्येकांना तो नकोच होता. ॲपल कंपनीनें १९७७ सालीं काढलेल्या ‘ॲपल २’ मध्यें पंखा नव्हता. कमी तापणारा वीजपुरवठा त्यांत योजलेला असल्यामुळें तें निभलें. १९८० सालचें ‘ॲपल ३’ हेंहि विनापंख्याचेंच होतें. त्याची उष्णता ॲल्युमिनियमच्या बैठकींतून बाहेर पडावी अशी योजना होती. परंतु त्याच्या पहिल्या तुकड्यांत इतके बिघाड निघाले कीं हजारों यंत्रें बदलून द्यावीं लागलीं. बिघाडाचीं कारणें अनेक सांगितलीं जातात, त्यांत उष्णतेचें नांव नेहमीं येतें. त्याच घराण्यांतील १९८४ चें ‘मॅकिंटॉश’ पंख्यावांचूनच अवतरलें. पण १९८७ सालीं ‘मॅकिंटॉश एस. ई.’ ह्या यंत्रांत पंखा बसवावाच लागला. शांततेचा हट्ट दहा वर्षें टिकला आणि मग सोडावा लागला. ऑगस्ट १९८१ मध्यें आलेल्या आय. बी. एम. च्या वैयक्तिक संगणकानें मधला मार्ग काढला होता. त्याचा वीजपुरवठा अवघा ६३.५ वॅटांचा होता, त्याच्याच पेटींत एक पंखा होता, आणि एकदोन वॅटांवर भागणारा ‘८०८८’ प्रोसेसर कोणत्याहि पंख्यावांचून उघडाच बसलेला असे.

खुद्द प्रोसेसरच्या माथ्यावर पंखा येऊन बसला तो मुख्यतः १९९३ पासून. त्या वर्षीं इंटेल कंपनीचा ‘पेंटियम’ बाजारांत आला. त्याचे पहिले नमुने सुमारें १५ वॅट उष्णता देत. धातूच्या उभ्या पात्यांची बैठक, जिला हीट सिंक म्हणतात, आणि तिच्यावर तळहाताहून लहान पंखा, ही जोडी तेव्हांपासून घरोघरीं परिचयाची झाली. ह्या जोडींत श्रमविभागणी अशी असते : बैठक उष्णता प्रोसेसरपासून ओढून घेऊन पसरविते, व पंखा ती पात्यांवरून वाऱ्यानें उडवून लावतो. दोहोंच्यामध्यें उष्णतावाहक लेपाचा पातळ थर असतो, कारण दोन धातुपृष्ठें कितीहि सपाट दिसलीं तरी त्यांच्यामध्यें हवेचे सूक्ष्म पोकळ कप्पे राहतातच.

आरंभींचे हे पंखे एनिॲकच्या पंख्यांप्रमाणेंच एकमार्गी होते. बारा व्होल्टांची वीज मिळाली कीं फिरावयाचें, एवढेंच त्यांना ठाऊक. पुढें तिसरी तार आली. पंखा एका फेऱ्यांत दोन स्पंद ह्या तारेनें पाठवितो, आणि ते मोजून मिनिटास किती फेरे होतात हें संगणकाला कळतें. पंखा बंद पडला तर निदान वर्दी मिळूं लागली. वेग कमी करण्याचा उपाय मात्र हौशी लोकांनीं स्वतःच्या हातांनीं केला : तारा बदलून पंख्याला बाराऐवजीं सात अथवा पांच व्होल्ट द्यावयाचे, म्हणजे आवाज उतरतो. ह्यांत धोका उघड होता. ज्यानें हिवाळ्यांत वेग बांधून टाकला त्याच्या यंत्राला उन्हाळ्याची वार्ताच नसे. शिवाय फार कमी दाबावर पंखा सुरूच होत नाहीं, अशी अडचणहि होती.

उष्णता मात्र वाढतच होती, आणि तिचें प्रात्यक्षिक २००१ सालीं एका संगणकविषयक प्रकाशनानें जगास दाखविलें. चालू यंत्रांतील प्रोसेसरवरची बैठक पंख्यासह काढून घेतली असतां काय होतें, ह्याचें तें चलच्चित्र होतें. ए. एम. डी. कंपनीचा ‘ॲथलॉन’ थोड्याच अवधींत धूर सोडून जळाला. इंटेलचा ‘पेंटियम ४’ केवळ मंदावला व काम करीतच राहिला. कारण त्याच्या अंगींच तापमान जाणणारी योजना होती. मर्यादा गांठतांच तो स्वतःची गति कमी करी. ह्या एका प्रयोगानें सामान्य ग्राहकालाहि कळलें कीं, पंखा ही पेटींतील शोभेची वस्तु नव्हे, आणि प्रोसेसरला स्वतःच्या तापाची जाणीव असणें ही चैन नव्हे.

त्याच वर्षीं इंटेलचे एक प्रमुख अभियंते पॅट्रिक गेल्सिंगर यांनीं एका परिषदेंत इशारा दिला होता कीं, हीच वाढ चालू राहिली तर सिलिकनच्या तुकड्यांतून अणुभट्टीशीं आणि पुढें सूर्यपृष्ठाशीं तुलना करावी इतकी दाट उष्णता निघूं लागेल. तो इशारा खरा ठरण्यास फार काळ लागला नाहीं. २००४ च्या फेब्रुवारींत आलेल्या ‘पेंटियम ४’ च्या नव्या आवृत्तींतील सिलिकनचा तुकडा अवघ्या ११२ चौरस मिलिमीटरांचा, म्हणजे बोटाच्या नखाएवढा होता. आणि वरच्या गतीचे नमुने १०० वॅटांहून अधिक उष्णता देत. इस्त्रीच्या तळाचा तेवढाच तुकडा घेतला तर त्यांतून ह्याच्या अगदीं अल्पांश उष्णता निघते. डेनार्ड यांच्या नियमाचा आधार सुटला होता. विद्युद्दाब आणखी उतरविला तर ट्रान्झिस्टर बंद असतांहि त्यांतून वीज झिरपूं लागे, आणि दाब न उतरवितां गति वाढविली तर उष्णता वाढे. पंख्यावर जितका भार टाकतां येईल तितका टाकून झाला होता. त्या वर्षाच्या मे महिन्यांत इंटेलनें आपला पुढील एकगर्भी प्रोसेसर रद्द केला, आणि ऑक्टोबरांत सेकंदास चारशें कोटी ठोक्यांच्या ‘पेंटियम ४’ चा संकल्पहि सोडून दिला. एकाच गर्भाला पळवीत सुटण्यापेक्षां दोन अथवा चार गर्भ बेताच्या गतीनें चालवावे, हें नवें धोरण ठरलें. २००६ सालचा ‘कोअर २ ड्युओ’ बहुतांशीं ६५ वॅटांत भागवूनहि आपल्या पूर्वजाहून सरस काम करूं लागला. आज प्रत्येक घरीं बहुगर्भी प्रोसेसर आहे, त्याचें एक मोठें कारण उष्णतेपुढें घ्यावी लागलेली ही माघार होय.

पंख्याच्या नियमनांत खरी क्रांति झाली तीहि ह्याच सुमारास. इंटेलनें २००४ च्या सुमारास चार तारांच्या पंख्याचें प्रमाण ठरवून दिलें. ह्या चौथ्या तारेचें काम समजण्यास घरांतील छताच्या पंख्याचें उदाहरण पुरे आहे. जुन्या रेग्युलेटरच्या डब्यांत विरोधक तारेचीं वेटोळीं असत. पंखा मंद केला कीं उरलेली वीज त्या वेटोळ्यांत जळून डबा गरम होई. सात व्होल्टांची युक्ति त्याच जातीची होय : पंख्याला अर्धपोटी ठेवून त्याला हळू चालावयास लावणें. चौथ्या तारेच्या योजनेंत मात्र पंख्याला मिळणारा दाब पूर्ण बारा व्होल्टांचाच राहतो. ती तार सेकंदास सुमारें २५,००० वेळां ‘चालू’ आणि ‘बंद’ अशा आज्ञा देते. चालू असण्याचा काळ जितका मोठा तितका पंख्याचा वेग अधिक. माणसाचा कान सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपलीकडचें ऐकत नाहीं, म्हणून ह्या आज्ञांचा गुणगुणाट कोणास ऐकूं येत नाहीं. जेम्स वॅट यांनीं १७८८ सालीं आपल्या वाफेच्या एंजिनाला फिरत्या गोळ्यांचा नियामक बसविला व एंजिनाला स्वतःचा वेग स्वतः आवरावयास शिकविलें. त्याच तत्त्वाचा हा वंशज होय. प्रोसेसर आपलें तापमान सांगतो, नियामक त्याप्रमाणें आज्ञा देतो, पंखा ती पाळतो, आणि तिसऱ्या तारेनें आपला खरा वेग परत कळवितो. १९४६ च्या कपाटांत जें केवळ ‘चालू’ किंवा ‘बंद’ होतें, त्याच्या मधल्या साऱ्या पायऱ्या आतां हातीं आल्या.

मग पंखा सदा पूर्ण वेगानें कां फिरवूं नये? ह्याचें उत्तर पंख्यांच्या जुन्या नियमांत आहे. वेग दुप्पट केला तर वारा सुमारें दुप्पट होतो, परंतु पंख्याला लागणारी शक्ति आठपट होते. आणि आवाज सुमारें १५ डेसिबलांनीं वाढतो, म्हणजे कानाला तो तिपटीच्या जवळपास मोठा भासतो. इतकें करून तापमान त्या मानानें उतरत नाहीं. सिलिकनपासून लेपापर्यंत आणि लेपापासून पात्यांपर्यंत उष्णतेला जो अडथळा होतो, त्यावर वाऱ्याची सत्ता चालत नाहीं. शिवाय पंख्याचे धारवे झिजतात आणि धूळहि अधिक ओढली जाते. उलट पक्षीं वेग फार कमी ठेवला तर प्रोसेसर जळत नाहीं खरा, कारण आधुनिक प्रोसेसर साधारण ९५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्वतःची गति आवरतो. परंतु घेतलेल्या यंत्राचें काम आपण अकारण मंद करून घेतों.

आणखी एक मर्यादा आपल्या देशांत विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पंखा थंडी उत्पन्न करीत नाहीं. तो खोलींतील हवाच यंत्रावरून फिरवितो. म्हणून प्रोसेसर खोलीहून थंड कधींच होत नाहीं. २५ अंशांच्या खोलींत एखाद्या कामास ६५ अंशांवर राहणारा प्रोसेसर, तेंच काम आणि तोच वेग असतां, नागपूर अथवा चंद्रपूर येथील ४२ अंशांच्या खोलींत ८२ अंशांच्या आसपास पोंचतो. थंड प्रदेशांत ठरविलेला पंख्याचा वेग विदर्भाच्या उन्हाळ्यास पुरेलच असें नाहीं. तेथें वेगाची रेषा थोडी अगोदर चढवावी लागते.

ही रेषा म्हणजेच आजच्या नियमनाचें सार होय. संगणक सुरू होतांना उघडतां येणाऱ्या मूळ मांडणीच्या पडद्यावर ती बहुधा आलेखाच्या रूपानें दिसते : आडव्या बाजूस तापमान, उभ्या बाजूस पंख्याचा वेग. उदाहरणार्थ, ४० अंशांपर्यंत तीस टक्के, ६० अंशांस पन्नास टक्के, ७५ अंशांस ऐंशी टक्के, आणि ८५ अंशांस पूर्ण, अशी चढती रेषा ठेवली तर वाचन-लेखनाच्या वेळीं शांतता राहते आणि श्रमाच्या वेळीं वारा मिळतो. तापमान क्षणभर उसळलें म्हणून पंख्यानें लगेच धांवूं नये, ह्यासाठीं कांहीं सेकंदांचा विलंबहि ठेवतां येतो. पंखा वारंवार ओरडतो व शमतो, असा अनुभव येतो तेथें बहुधा हा विलंबच अपुरा असतो. आणि जुनें यंत्र पूर्वीपेक्षां अधिक गरजूं लागलें तर वेगाला हात लावण्यापूर्वीं वीज तोडून पात्यांतील धूळ काढावी व लेप वाळला आहे काय तें पाहावें. धुळीनें बुजलेल्या पात्यांवर कितीहि वारा सोडला तरी तो व्यर्थ जातो.

इतिहासाचें चक्र मात्र येथें थांबलेलें नाहीं. कृत्रिम बुद्धीच्या कामासाठीं एनव्हिडिया कंपनीनें २०२४ सालीं जाहीर केलेल्या एका कपाटांत ७२ प्रोसेसर असून तें एकटें कपाट सुमारें १२० किलोवॅट वीज घेतें. एनिॲकची सारी खोली जेवढी तापे, जवळजवळ तेवढा ताप आतां एका कपाटांत मावला आहे, आणि तो काढण्यास पुन्हां द्रवच खेळवावा लागतो. १९४६ पासून आजपर्यंत गणनाची गति अगणित पटींनीं वाढली. उष्णतेचें देणें मात्र कोणालाहि माफ झालेलें नाहीं. मोठ्या यंत्रगृहांत तें देणें पाण्यानें फिटतें, घरच्या संगणकांत तें एका लहान पंख्यानें फिटतें. त्या पंख्याला कामाप्रमाणें आणि ऋतूप्रमाणें वाढूं व उतरूं द्यावें. वैशाखांतल्या दुपारीं त्याचा आवाज चढला तर यंत्र बिघडलें असें समजूं नये. काम संपल्यावर तो उतरतो कीं नाहीं, एवढें मात्र पाहावें.